शांतवनआप्पांची तहकूब सभा

शांतवनआप्पा साळव्यांनी आमच्या घरचं वरण तहकूब केलं, तेव्हा माझं लग्न होऊन चारच दिवस झाले होते.

नव्या सुनेच्या हातचं खायला म्हणून मी त्यांना बोलावलं होतं. भिंतीला भिंत लागून घर, एकटा म्हातारा माणूस, शिवाय आमच्याच मंडळीतला. बोलावताना सहज म्हणालो होतो, "या आप्पा, भाकरी आणि वांग्याची भाजी आहे." सरलानं हौसेनं त्यात वरणाची भर घातली. तिनं वाटी पुढं सरकवली तशी आप्पांनी ताटावर आडवा हात धरला.

"सुनबाई, विषयपत्रिकेत वरण न्हाय."

सरला माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "आप्पा, ऐनवेळचा विषय समजा."

"त्याला अध्यक्षाची परवानगी लागती. हितं अध्यक्ष कोण?"

आमच्या घरात अध्यक्ष कोण, हे चार दिवसांत काही ठरलेलं नव्हतं. आप्पांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं पाहिलं, थोडी वाट बघितली आणि वरण तहकूब केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ते दारात हजर. हातात स्वतःची वाटी. तहकूब झालेला विषय घ्यायला आले होते.

आप्पा जुन्या गावात वीस-बावीस वर्षं सहकारी सोसायटीचे सेक्रेटरी होते. ते गाव धरणात जाणार म्हणून सरकारनं सगळ्यांना उठवलं आणि येरमाळ्यापासून चार मैलांवर, माळावर, चुन्याच्या फक्क्या मारून प्लॉट पाडून दिले. गाव हललं आणि पाऊस रुसला. बहात्तरचा दुष्काळ लोक अजून विसरले नव्हते, तोवर हा दुसरा आला. धरणात पाणी नाही, त्यामुळे बुडायचं गाव खाली कोरडं ठणठणीत उभं, आणि गावातली माणसं वर माळावर टँकरची वाट बघत बसलेली. सोसायटी दुसऱ्या गावच्या सोसायटीत विलीन झाली. आप्पांचं सेक्रेटरीपण मात्र विलीन व्हायला तयार नव्हतं. अंगात खाकी कोट, खिशाला दोन पेनं, काखेत कापडी पिशवी आणि पिशवीत इतिवृत्ताची वही. वस्तीवर काहीही घडलं, शेळी व्याली, टँकर आला, टँकर आला नाही, की आप्पा वही उघडून म्हणत, "नोंद घेतली."

मी मूळचा जळकोटचा. वस्तीवरच्या शाळेत मास्तर म्हणून बदलून आलो. वरच्या ओळीत आमची ख्रिस्ती घरं होती, वीस-बावीस. खालच्या ओळींत बाकीचा गाव. धरणाच्या ठेकेदारानं टाकून दिलेली, सिमेंटची पोती ठेवायची पत्र्याची शेड, ते आमचं देऊळ. आत एक टेबल, त्यावर पांढरं कापड, कापडावर आमचं शास्त्र, बायबल, आणि त्याच्या मागच्या पत्र्यावर ठेकेदाराच्या माणसानं रंगवलेलं, 'ओल्या हातानं पोत्यांना शिवू नये.' ते पुसायचं राहूनच गेलं होतं. नव्यानं आलेले पाहुणे ते वचन म्हणून वाचत आणि कोणत्या पुस्तकातलं ते विचारत.

देऊळ होतं, पण देवळाला माणूस नव्हता. जुन्या गावातले आमचे पाळक म्हातारपणी लेकाकडं निघून गेले. तालुक्याचे पाळकसाहेब दोन-तीन महिन्यांतून एकदा एस.टी.नं येत. मधल्या काळात कुणाचं लग्न अडलेलं असे, कुणाचं लेकरू बाप्तिस्म्यावाचून रांगायला लागलेलं असे. आणि मरण काही एस.टी.चं वेळापत्रक बघून येत नाही. आप्पांची बायको, मार्थाबाई, पहिल्याच उन्हाळ्यात गेली. मी तेव्हा आलो नव्हतो. नव्या स्मशानभूमीतली पहिली माती तिची, आणि तिच्या मातीला पाळकसाहेब पोचू शकले नव्हते, एवढंच मला माहीत होतं.

अशात मिशनचं पत्र आलं. वस्ती लहान आहे, पगारी पाळक देता येत नाही, तरी आपल्यातूनच एक पुढारी प्रार्थनापूर्वक एकमतानं निवडून महिनाअखेर कळवावं. न कळवल्यास वस्ती तालुक्याच्या मंडळीला जोडण्यात येईल. म्हणजे दर रविवारी चार मैल चालून एस.टी. धरायची, आणि मयत झाली तर निरोप घेऊन माणूस धाडायचा. पत्र मी मोठ्यानं वाचत होतो. 'एकमतानं' या शब्दाला आप्पांनी मला थांबवलं.

"एकमत व्हायला आदी दोन मतं पायजेत, गुरुजी," ते म्हणाले आणि पिशवीतून वही काढली.

मिशनला अपेक्षित होतं की आम्ही गुडघे टेकावेत आणि उठून एखाद्याकडं बोट दाखवावं. पण आमच्या लोकांनी उभ्या जन्मात निवडणूक जवळून पाहिली होती ती एकाच प्रकारची, सोसायटीची. आप्पांनी नोटीस काढली. अर्ज भरण्याची तारीख, छाननी, माघार, चिन्हवाटप, सगळं होतं. मतदारयादी शेडच्या दाराला डकवली. निवडणूक अधिकारी आप्पा, मतदान अधिकारी मी. नको म्हणायला मी तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "मास्तर लोकाला नको म्हणता येत न्हाय. कायदा हाय."

अर्ज दोनच आले. एक दानियल मुकादमाचा. रोजगार हमीच्या खडीच्या कामावर तो मुकादम होता आणि आवाज असा की पलीकडच्या खाणीतली माणसं दचकून हजेरी द्यायची. दुसरा पौलस टेलरचा. पौलसकडं वस्तीतली एकुलती एक वाजवायची पेटी होती. पेटी माझी म्हणजे मंडळी माझी, असा त्याचा सरळ हिशेब होता. दानियलला चिन्ह मिळालं टिकाव, पौलसला कात्री. दोनच दिवसांत भिंती गेरूनं रंगल्या. 'कात्रीला मत म्हणजे मंडळीचे तुकडे.' त्याच्या खाली, 'टिकावाला मत म्हणजे मंडळीची खोदाई.' खालच्या ओळीतले लोक येऊन विचारायला लागले, "तुमच्यात जागा किती हायत? आमाला भरता येतो का फॉर्म?"

मग आप्पांनी आचारसंहिता लावली. झालं असं, की एका रविवारी दानियलनं प्रार्थना केली आणि तीत पावसासाठी, टँकरसाठी आणि 'या मंडळीला खंबीर आवाजाचा पुढारी' मिळावा म्हणून मागणं केलं. पौलसच्या माणसांनी लेखी हरकत घेतली. आप्पांनी निकाल दिला की, उमेदवारानं मोठ्यानं केलेली प्रार्थना हा प्रचार आहे. त्यावर दानियलच्या माणसांनी पेटीवर हरकत घेतली. पेटीही बंद. मग समर्थकांच्या प्रार्थनेवर हरकती आल्या, आणि समर्थक नाही असं वस्तीत कुणी उरलेलंच नव्हतं. शेवटी पुढच्या रविवारी अख्खी मंडळी तासभर मिटल्या तोंडानं एकमेकांवर पाळत ठेवून बसली. कुणाचे ओठ हलले की समोरचा आप्पांकडं बघे, आणि आप्पा नोंद घेत.

मी वैतागलो. घरी परतताना म्हणालो, "आप्पा, हे देवाचं काम आहे. सोसायटीचा पोरखेळ कशाला केलाय? कुणालाही एकाला उभं करा आणि कळवून टाका."

ते वाटेत थांबले. "गुरुजी, नीट न निवडलेल्या मानसाला कुणी मानत न्हाय. आन् ज्याला कुणी मानत न्हाय, तो वक्ताला फुडं हुईत न्हाय. म्या बगितलंय." एवढं बोलून ते चालायला लागले. मी मनात म्हटलं, म्हातारा तत्त्वज्ञानही नियमावलीतूनच काढतो.

मतदान रविवारी सकाळी अकराला. डालड्याच्या डब्याला फट पाडून, लाखेचं सील मारून आप्पा टेबलामागं कोट घालून बसले होते. शेजारी मी. शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं.

आमच्याकडं सोसायटीच्या निवडणुकीत मतदार पळवायची रीत आहे. आदल्या दिवशी आपली माणसं गोळा करायची, जीपमध्ये घालायची, कुठंतरी लांब नेऊन खाऊ-पिऊ घालायची आणि मतदानाच्या वेळेला थेट डब्यापाशी आणून सोडायची, म्हणजे मधे कुणी फोडायला नको. दानियलनं आपले गडी येरमाळ्याच्या हॉटेलात मटण खायला नेले. पौलसनं आपले वाशीला मेव्हण्याच्या मळ्यात नेले. सकाळी दोघेही परतले, पण वस्तीत शिरायला तयार होईनात. आधी जो शिरेल, त्याची माणसं दुसरा फोडणार, ही दोघांचीही खात्री. म्हणून दानियल आपली फौज घेऊन खडीच्या खाणीत दबा धरून बसला, पौलस पाझर तलावाच्या बांधामागं, आणि दोघंही दुसरा कधी हलतो याची वाट बघत राहिले. ऊन चढत गेलं. मटण खाल्लेल्यांना तहान लागली. पण हलायचं नाव कुणी घेईना.

अकरा वाजता आप्पांनी घड्याळ पाहिलं. "गणपूर्ती न्हाय. सभा तहकूब. आर्ध्या तासानं ह्याच जागी तहकूब सभा हुईल, आन् तिला गणपूर्तीचं बंधन ऱ्हाणार न्हाय." हे सगळं त्यांनी मला, पत्र्याला आणि डालड्याच्या डब्याला उभं राहून वाचून दाखवलं.

त्या अर्ध्या तासात बायका आत आल्या. मतदानानंतर प्रीतिभोजन, म्हणजे मंडळीची पंगत होती, त्यासाठी त्या बाहेर चुली पेटवून बसल्या होत्या. ऊन सोसवेना म्हणून एकेक करत शेडच्या सावलीला टेकल्या. साडेअकराला आप्पा उठले. दोन्ही उमेदवारांची नावं तीनदा पुकारली. नोटिशीत कलम होतं, उमेदवार गैरहजर असल्यास अर्ज रद्द. अर्ज रद्द झाले. मग त्यांनी वहीत बघून पुकारलं, "ऐनवेळचे विषय. हजर सभासदांतून नाव सुचवायचं आसंल तर सुचवा."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सभासद म्हणजे आपण, हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. सोसायटीत शेअर पुरुषांच्या नावावर, म्हणून जीपमध्ये पुरुष भरले होते. पण मंडळीत प्रभुभोजनाच्या विधीत भाग घेणारी प्रत्येक सज्ञान बाई सभासद असते, आणि आप्पांनी यादी मंडळीच्या वहीवरून केली होती. दारावर ती महिनाभर डकवलेली होती, पण स्वतःचं नाव आहे एवढं बघून प्रत्येक गडी परत फिरला होता.

सरला उभी राहिली. मी मतदान अधिकारी असल्यामुळे मला तिला डोळ्यांनीसुद्धा दटावता येईना. ती म्हणाली, "सुवार्तामावशी."

सुवार्ताबाई मागं दाराशी बसली होती. विधवा बाई, दिवसभर खडी फोडायची, संध्याकाळी कुणाच्या घरी बाळंतपण असो की ताप, तिथं असायची. गीतपुस्तकातली गाणी तिला पुढून-मागून पाठ. वडिलांच्या मांडीवर शिकलेली. सरलाचं बोलणं ऐकून ती चटकन उठली आणि म्हणाली, "मी न्हाय बाई. मला वाचाया येत न्हाय. भात करपंल, मी जाते."

"बसा," आप्पा म्हणाले. "भात तहकूब."

सगळ्या बायकांचे हात वर गेले. आप्पांनी ते दोनदा मोजले, कारण सुवार्ताबाईनं स्वतःचा हात चेहरा झाकायला वर केला होता आणि तो धरायचा की नाही, याचा निर्णय द्यायचा होता. मिशनच्या छापील फॉर्मवर रकाना होता, 'पुढाऱ्यास शास्त्र वाचता येते काय?' मला वाटलं, आता गाडी अडली. हा माणूस खोटं लिहिणार नाही. आप्पांनी पेन झटकलं आणि लिहिलं, 'नाही. पाठ आहे.'

भाताचा वास खाणीपर्यंत गेला तेव्हा कुठं दोन्ही फौजा धावत आल्या. दानियल ओरडला, "बाया कवापासनं सबासद झाल्या? कोरम तर आमी हुतो."

"कोरम खाणीत बसला हुता," आप्पा शांतपणे म्हणाले. "यादी बगा. बायांची नावं हायत, फुडं सही हाय, आंगठा हाय."

पौलस म्हणाला, मी वरपर्यंत जाईन. आप्पांनी त्याची हरकत लिहून घेतली, पोच दिली आणि जेवायला बसवलं. पुढच्या फेरीला पाळकसाहेब आले, तोवर दोघांचाही राग जिरला होता. तसं म्हणायला दानियलच्या सुनेचं बाळंतपणही मधे उरकलं होतं आणि ते सुवार्ताबाईनंच केलं होतं. पाळकसाहेबांनी सुवार्ताबाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती आमची पुढारी झाली.

दुसऱ्याच दिवशी, शाळा सुटल्यावर, आप्पा माझ्या घरी आले. हातात घडी घातलेला अर्ज. "पुढारीबाईला वाचून दावायचाय. तुमी चला. मला वाचवायचं न्हाय."

आम्ही गेलो. सुवार्ताबाई नुकतीच कामावरून आली होती, कपाळावर खडीची पांढरी धूळ तशीच होती. मी उंबऱ्यात बसून अर्ज उघडला. वरचा मजकूर वाचताना मला हसू येत होतं, हे मी कबूल करतो. 'प्रति, माननीय पुढारी. विषय : कै. मार्थाबाई शांतवन साळवे यांचे दफनप्रसंगी प्रार्थना न झालेबाबत.'

पुढं लिहिलं होतं : 'सदर प्रसंगी वस्ती नवीन असल्याने पुढे कोणी व्हावे हे ठरलेले नव्हते. हजर मंडळींनी एकमेकांस तुम्ही करा, तुम्ही करा असे म्हटले. सबब कोणीच प्रार्थना केली नाही. ऊन फार होते. अर्जदारास प्रार्थना करण्याची सवय नसल्याने त्याने पिशवीतील दुखवट्याचा ठराव वाचला. सदर ठराव सोसायटीचे चेअरमन मयत झाले त्यावेळचा असून, नाव बदलून वाचला. त्यात मयताने सहकार क्षेत्रात केलेल्या बहुमोल कार्याचा उल्लेख आहे. मार्थाबाईंनी सहकार क्षेत्रात कोणतेही कार्य केलेले नव्हते. त्या घरी असत. तरी झालेली चूक दुरुस्त करून मिळावी, ही विनंती.'

मी अर्जाची घडी घातली. महिनाभर ज्या निवडणुकीला मी पोरखेळ म्हणत होतो, ती हा माणूस या एका कागदासाठी लढवत होता. मला माझी लाज वाटली. आप्पा अंगणात पाठमोरे उभे होते.

सुवार्ताबाई उठली. घागरीत उरलेल्या पाण्यातलं तांब्याभर घेऊन तोंड-हात धुतलं, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "चला, आप्पा."

स्मशानभूमी म्हणजे माळाचाच एक तुकडा. मार्थाबाईच्या मातीवर दगड रचलेले होते, नीट ओळीत. सुवार्ताबाईनं गुडघे टेकले आणि देवाशी बोलावं तशी नाही, ओसरीवर बसलेल्या कुणाशी बोलावं तशी बोलली. "देवबापा, ही आमची मार्था. हिला दारात उबं ऱ्हायला लावू नको. आमाला उशीर झाला, हिची चूक न्हाय." मग आमेन म्हणून ती आप्पांकडं वळली. "आप्पा, आता तुमी सांगा. कशी हुती ते."

आप्पांचा हात सवयीनं काखेकडं गेला. पिशवी आणलेली नव्हती. मग म्हणाले, "म्या वही लिवत बसलो, की ती आत भाकरी थापताना गाणं म्हणायची. रोज. म्या म्हणायचो, मार्थे, गप, लिवण्यात चूक हुईल. मग ती गप बसायची." दगडांकडं बघून म्हणाले, "लई गोड म्हणायची."

"कंचं गाणं?" सुवार्ताबाईनं विचारलं.

"न्हाय माहीत," आप्पा म्हणाले. "म्या ध्यानच दिलं न्हाय."

सुवार्ताबाई जरा सावरून बसली आणि एक गाणं म्हणायला लागली. दोन ओळी झाल्यावर थांबली. "हे व्हय?" आप्पांनी मान हलवली, नाही. तिनं दुसरं धरलं. नाही. तिसरं. माळावर वारा पडलेला होता, तिचा आवाज पार वस्तीपर्यंत जात असेल. चौथं गाणं तिनं हळू सुरू केलं, भाकरी थापताना म्हणतात तसं, मधे मधे थांबत. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत आप्पा खाली मातीत बसले आणि हातानंच खूण केली, थांबू नका.

ती म्हणत राहिली.